घरच्या मांडवावर चार वाणांची द्राक्षे: लागवडीपासून काढणीपर्यंत

नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या पट्ट्यात अंगणात द्राक्षाची वेल असलेली घरे पुष्कळ. वेल मांडवभर पसरलेली असते, उन्हाळ्यात सावली झकास पडते, पण घड म्हणाल तर दोन-चार, तेही आंबट. विचारले की उत्तर ठरलेले असते: "ऑक्टोबरात छाटतो हो दरवर्षी, पण मालच लागत नाही." तो लागणारही नाही. फेब्रुवारीत आपण जो घड खातो तो आधीच्या मे-जूनमध्येच काडीवरच्या डोळ्यात तयार झालेला असतो. त्यासाठी एप्रिलमध्ये वेल खरडून छाटावी लागते, आणि घरगुती बागेत नेमकी ही खरड छाटणी राहून जाते.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, म्हणून तिथे वर्षातून एकदाच छाटणी. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही आणि वेल बारा महिने हिरवी राहते. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसवली. एप्रिलची छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. परदेशी व्हिडिओ पाहून जानेवारीत कात्री चालवली तर या दोन्हींचा मेळ मोडतो. पुढचे सगळे मार्गदर्शन याच दोन छाटण्यांभोवती आहे.

कोणते वाण लावावेत

चार वेलींपुरती जागा असेल तर माझी निवड सांगतो: एक पांढरा बिनबियांचा, एक काळा, एक लाल आणि एक रसाचा कणखर वाण. चारही वेली एकाच वाणाच्या लावण्यात अर्थ नाही. सगळी द्राक्षे एकाच आठवड्यात पिकतात, आणि एक रोग आला की सगळा मांडव हातचा जातो.

पांढऱ्यात थॉम्पसन सीडलेस आणि त्याची भावंडे. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे सगळे थॉम्पसनच्या घराण्यातलेच, आणि ते शेतकऱ्यांनी आपापल्या बागेतल्या वेगळ्या दिसणाऱ्या वेली हेरून निवडले आहेत. तास-ए-गणेश तासगाव तालुक्यातून आला, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी दिला. घरासाठी मी सोनाका सुचवतो. बाजारातल्या थॉम्पसनचा टपोरेपणा हा बराचसा जीए या संजीवकाच्या फवारण्या आणि डिपिंगमुळे, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवल्यामुळे, आलेला असतो. ते न करता थॉम्पसनचा मणी लहानच राहतो. सोनाकाचा मणी मुळातच लांबट, त्यामुळे जीएशिवायही घड बघण्यासारखा होतो.

काळ्यात शरद सीडलेस. हाही नानासाहेब काळ्यांचाच, किशमिश चोर्नी या वाणातून निवडलेला. चवीला गोड आणि चावायला कुरकुरीत. खोड एकच: पिकत आलेल्या घडावर अवकाळी पाऊस पडला की मण्यांना तडे जातात. लाल हवा असेल तर फ्लेम सीडलेस लावा, तो लवकर पिकतो. मात्र त्याला रंग चढायला थंड रात्री लागतात. निफाड-दिंडोरीच्या थंडीत रंग छान येतो, सोलापूरच्या उन्हात मागाहून पिकलेला घड फिका राहू शकतो. क्रिमसन सीडलेस दिसायला कितीही देखणा असला तरी घरच्या मांडवावर नको. त्याची वाढ आवरत नाही, आणि दाट सावलीत डोळे वांझ राहतात.

चौथी वेल रसाची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एआरआय-५१६ हा कटाव्बा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आला आहे. रस चांगला सुटतो, आणि मुख्य म्हणजे केवडा, भुरी या बुरशीच्या रोगांपुढे तो थॉम्पसनसारखी मान टाकत नाही. ज्यांना फवारणीचा पंप हातात धरायचाच नाही त्यांनी पहिली वेल हीच लावावी. त्याच तोलामोलाचा पर्याय म्हणजे बंगलोर पर्पल. बिया आणि जाड साल आहे, पण वास असा की एक घड ओट्यावर ठेवला तर घरभर दरवळतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांचा मांजरी मेडिका हा पुसा नवरंग आणि फ्लेम यांचा संकर, त्याचा गरसुद्धा लाल असतो. सरबतासाठी तो उत्तम.

अनाब-ए-शाही जुन्या मंडळींना आठवतो आणि पुष्कळ जण तोच मागतात. मणी मोठा, रसाळ, सगळे खरे, पण केवड्याला इतका नाजूक वाण घरी सांभाळणे जड जाते.

कोकण आणि गोव्यातल्या वाचकांना स्पष्ट सांगायला हवे. तिथल्या पावसात आणि दमटपणात बिनबियांचे वाण टिकवणे म्हणजे सतत औषधे मारत राहणे. बंगलोर पर्पल किंवा ५१६ पावसापासून आडोसा देऊन करून पाहता येईल, त्यापलीकडे आशा धरू नये.

जागा, खड्डा आणि खुंट

वेलीला दिवसाचे सहा-सात तास तरी थेट ऊन हवे. आंबा-नारळाच्या सावलीत वेल वाढते, घड देत नाही. जमीन निचऱ्याची हवी. भारी काळ्या मातीत पाणी साचत असेल तर दीड फूट उंच गादी करून तीवर लावा.

खड्डा अडीच फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल. तो महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना वरच्या थरातली माती, वीस किलो चांगले कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. ताजे शेण घालू नये, त्याने हुमणी येते आणि मुळेही भाजतात.

आता खुंटाचे, म्हणजे ज्या वेलीच्या मुळांवर आपल्या वाणाचे कलम बांधतात तिचे. थॉम्पसनसारखे वाण स्वतःच्या मुळांवर लावले तर क्षारयुक्त पाणी आणि चुनखडीच्या जमिनीत लवकर दम तोडतात. बोअरचे पाणी असलेल्या आपल्या भागात डॉगरिज खुंटावरचे कलम घ्यावे. पाण्याचा ताण आणि क्षार तो चांगला सोसतो. जमीन चांगली आणि पाणी गोडे असेल तर ११०-आर हा खुंट बरा, डॉगरिजइतकी बेफाम वाढ तो करत नाही. बंगलोर पर्पल मात्र साध्या काडीपासून लावला तरी चालतो. रोपवाटिकेतून तयार कलम घेताना जोड बोटाने चाचपून पाहा. जोड घट्ट भरलेला, दोन्ही बाजूंची साल एकजीव झालेली आणि वरची फूट निदान वीतभर हवी. जोड जमिनीच्या वर राहील असेच कलम लावायचे. तो मातीत गेला तर वरच्या वाणालाच मुळे फुटतात आणि खुंटाचा फायदा संपतो.

बियांपासून वेल करू नका. बियांतून आलेली वेल मूळ वाणासारखी निघत नाही आणि फळाला वेळही फार लावते.

मांडव

चार वेलींसाठी सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद मांडव पुरतो, म्हणजे प्रत्येक वेलीला चाळीस चौरस फूट. उंची सात फूट ठेवा, म्हणजे खालून माणूस ताठ चालेल आणि घडाला हात पोहोचेल. कोपऱ्याचे खांब लोखंडी अँगलचे घ्या आणि दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा. बांबू दोन-तीन वर्षांत कुजतो, आणि नेमका घड भरलेले असताना मोडतो. कडेने आठ गेजची जाड तार, आत बारा गेजच्या तारा दीड-दीड फुटांवर आडव्या-उभ्या. तारा ताणून बसवा, कारण भरल्या वेलींचे वजन पावसाने ओले झाले की झोल पडतोच.

गच्चीवर मांडव करायचा असेल तर वेल खाली जमिनीत लावून खोड भिंतीच्या कडेने वर न्या. ड्रममध्येही वेल जगते, पण दोनशे लिटरपेक्षा लहान भांड्यात नाही, आणि तिथे बंगलोर पर्पलच लावा.

पहिली दोन वर्षे: सांगाडा

कलम जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत लावा. या काळात फळाची घाई करायची नाही. पहिल्या वर्षी एकच सरळ फूट ठेवायची, बाकीच्या खुडायच्या. शेजारी बांबू रोवून दर वीतभर अंतरावर सुतळीने सैल बांधत जायचे. खुंटावरून येणारी प्रत्येक फूट दिसली की काढायची. ती तशीच राहिली तर वर्षभरात वर डॉगरिज आणि खाली सोनाका अशी अवस्था होते, आणि डॉगरिजला खाण्यासारखे फळ नसते.

पुढच्या फेब्रुवारीत रिकट घ्यायचा. वर्षभर वाढलेली काडी जोडाच्या वर जिथे पेन्सिलएवढी जाड आणि तपकिरी पिकलेली आहे, तिथे छाटायची. नवी फूट जोरात येते. ती तारेच्या अर्धा फूट खाली पोहोचली की शेंडा मारा. त्यानंतर येणाऱ्या बगलफुटींपैकी दोन निवडा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे वळवा. हे झाले ओलांडे. ओलांडा एका दमात लांब वाढू दिला तर त्यावर मधेच टक्कल राहते, कुठे काड्या येतात, कुठे येत नाहीत. म्हणून बागायतदार स्टॉप अँड गो पद्धत वापरतात. ओलांड्याला आठ-नऊ पाने झाली की शेंडा मारायचा, बगलफुटींना तीन-चार पाने येऊ द्यायची, मग शेवटची फूट पुढे न्यायची आणि पुन्हा थांबवायची. ओलांड्यावर दर तीन-चार इंचांवर एक काडी मिळाली की सांगाडा जमला. त्याच ऑक्टोबरात पहिली फळछाटणी होते आणि लागवडीपासून साधारण दोन वर्षांनी पहिले घड मिळतात. पहिल्या पिकाला एका वेलीवर आठ-दहा घडांपेक्षा जास्त ठेवू नका.

एप्रिल: खरड छाटणी

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक डोळा ठेवून छाटायची. मांडव उघडा बोडका दिसतो, आणि घरातले म्हणतात ऐन उन्हाळ्यात सावली घालवली. त्यांना समजावून सांगा, पण छाटणी सोडू नका. ओलांड्यावर ऊन भाजू नये म्हणून दुपारी दोन-तीनदा पाणी शिंपडा. डोळे एकसारखे फुटायलाही त्याने मदत होते. छाटणीआधीच प्रत्येक वेलीच्या बुडाशी पंधरा-वीस किलो शेणखत आणि पेंड घालून, वरून उसाच्या पाचटाचे आच्छादन करा.

दहा-बारा दिवसांत फुटी दिसतात. तीन-चार पानांवर असताना विरळणी करा. एका जागी एकच फूट, ती जोमदार आणि मोकळ्या जागेत जाणारी. चाळीस चौरस फुटांच्या वेलीवर पस्तीस-चाळीस काड्या पुष्कळ झाल्या. हात आखडता घेऊ नका. दाट काड्या म्हणजे सावली, आणि सावलीतल्या डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला विळखा घालणारा तंतू, तयार होते.

इथे थोडे थांबून डोळ्यात काय चालते ते पाहू. फूट निघाल्यापासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यात एक सूक्ष्म गाठ तयार होते. तिचे घड व्हायचे की बाळी, हे त्या दिवसांत ठरते. डोळ्यावर ऊन पडत असेल, वेलीत नत्र बेताचे असेल आणि पाणी जेमतेम असेल तर घड. आभाळ, युरिया आणि भरपूर पाणी मिळाले तर बाळी. म्हणून या काळात वेलीला नत्र बिलकूल द्यायचे नाही. ०:५२:३४ हे नत्र नसलेले, स्फुरद-पालाशचे विद्राव्य खत आठवड्याला दहा ग्रॅम एका वेलीला पाण्यात मिसळून द्यायचे. पाणीही निम्म्यावर आणायचे, मात्र पाने मलूल होतील इतके नाही.

याच वेळी सबकेन. फुटीला नऊ-दहा पाने झाली की सातव्या पानावर शेंडा मारा. त्या टोकाची बगलफूट पुढे वाढते, तिला पाच-सहा पाने झाली की पुन्हा शेंडा मारा. जिथे पहिला शेंडा मारला तिथे काडीला गाठ दिसते. थॉम्पसनच्या घराण्यात या गाठीच्या आसपासचे डोळे सगळ्यांत भरवशाचे. ऑक्टोबरात याच गाठीचा उपयोग होणार आहे. बंगलोर पर्पल आणि ५१६ ला सबकेन केली नाही तरी चालते.

पावसाळा: काडी पिकवणे

जुलैपासून काडी बुडाकडून तपकिरी होऊ लागते. आता ०:०:५० म्हणजे पालाश द्या, तोही सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त मिळते पण त्यातल्या क्लोराइडने द्राक्षाची पाने कडेने करपतात. नवी कोवळी फूट दर आठवड्याला खुडत राहा, रोग तिच्यावरच आधी उतरतो.

पावसाळ्यात घरगुती बागेला एकच औषध मी मनापासून सुचवतो, ते बोर्डो मिश्रण. पाच लिटरसाठी पन्नास ग्रॅम मोरचूद आणि पन्नास ग्रॅम कळीचा चुना. प्लास्टिकच्या एका बादलीत निम्म्या पाण्यात मोरचूद विरघळवा, दुसरीत उरलेल्या पाण्यात चुना विझवून गाळून घ्या. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळा. आकाशी निळा रंग आला पाहिजे. आता एक स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे. तेच फवारले तर पाने जळतात. थोडी चुन्याची निवळी घाला आणि खिळा पुन्हा बुडवून पाहा. तो लोखंडासारखाच बाहेर आला की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरायचे. जुन्या पक्व पानांवर एक टक्क्याचे चालते, कोवळ्या पानांवर निम्म्या तीव्रतेचे. फुलोऱ्यावर आणि पिकत्या घडावर अजिबात नको.

पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि त्याच्याच पाठीमागे पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा, ज्याला सगळे डाऊनी म्हणतात. पानावर किंवा मण्यावर राख भुरभुरल्यासारखे दिसले तर भुरी. केवडा ओलाव्यात वाढतो, भुरी कोरड्या ढगाळ हवेत, आणि दोघांची औषधेही वेगळी. भुरीला पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरते, पण कडक उन्हात मारू नये. बंगलोर पर्पलसारख्या अमेरिकी रक्ताच्या वाणावर आधी दोन-चार पानांवर फवारून चार दिवस थांबा, अशा काही वाणांची पाने गंधकाने करपतात.

सप्टेंबरमध्ये एक काडी आडवी कापून पाहा. मधला गाभा तपकिरी आणि सुका दिसला की काडी पिकली. पांढरट-हिरवा असेल तर छाटणी आठ-दहा दिवस पुढे ढकला. घड आहे की नाही हेही आधी कळू शकते. बागायतदार डोळे प्रयोगशाळेत तपासून घेतात. घरी प्रत्येक वाणाच्या दोन काड्या कापून पाण्याच्या बाटलीत खिडकीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात आणि कितव्या डोळ्यातून घड डोकावतो ते उघड दिसते.

ऑक्टोबर: फळछाटणी, वाणागणिक वेगळी

चार वाण असलेल्या बागेत सगळ्यात जास्त डोके इथे लावावे लागते. परतीचा पाऊस ओसरला की, साधारण १० ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान छाटा. फार लवकर छाटली तर कोवळ्या घडांवर पाऊस येऊन केवडा सगळे नेतो. फार उशीर केला तर फूट थंडीत सापडून रखडते.

बागायतदार छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते जहाल विष आहे आणि लहान मुले वावरतात अशा अंगणात त्याचे काम नाही. त्याऐवजी छाटणीच्या बारा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा आणि वेलीची सगळी पाने हाताने देठाशी धरून काढा. डोळे फुगू लागतात. छाटल्यावर काडी कमानीसारखी वाकवून तारेला बांधा, म्हणजे फक्त शेंड्याचाच डोळा फुटून बाकीचे झोपत नाहीत.

छाटायचे किती? बुडाशी असलेला बारीक डोळा सोडून मोजायला सुरुवात करा. सोनाका, तास-ए-गणेश या थॉम्पसन घराण्याला काडी लांब लागते. सबकेन केली असेल तर गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून छाटा, सबकेन नसेल तर सात-आठ डोळ्यांवर. शरदलाही जवळपास तसेच. फ्लेमचे बुडाकडचे डोळेही फळ देतात, त्याला चार-पाच डोळे पुरे. बंगलोर पर्पल तर आखूड छाटला तरी लगडतो, चार डोळ्यांवर आणा. थॉम्पसन बंगलोर पर्पलसारखा आखूड छाटला तर ओळीने वांझ फुटी निघतात. बाटलीतल्या काड्यांनी वेगळे काही सांगितले असेल तर माझ्या आकड्यांपेक्षा त्यांचे ऐका.

छाटणीच्या दिवशीच पूर्ण वेल, खोड आणि तारा बोर्डोने धुऊन काढा. पडलेली पाने आणि काड्या जाळा किंवा लांब पुरा, मांडवाखाली कुजू देऊ नका.

घडाची निगा

पंधरा-वीस दिवसांत फुटींवर छोटे घड स्पष्ट दिसतात. वांझ फुटी, म्हणजे फेलफुटी, त्याच वेळी काढा. मात्र सावलीपुरत्या थोड्या ठेवल्या तर हरकत नाही. एका काडीवर एकच घड आणि घडाच्या पुढे निदान दहा-बारा पाने हवीत, तेव्हाच साखर भरते. पूर्ण वाढलेल्या वेलीवर पंचवीस-तीस घड, म्हणजे आठ-दहा किलो द्राक्षे. लोभाने पन्नास घड ठेवले तर सगळेच आंबट राहतात आणि पुढच्या वर्षीची काडीही कमजोर होते.

पाच पानांपासून मणी बसेपर्यंतचा महिना केवड्यासाठी सगळ्यांत घातक. रोज सकाळी पाने उलटून पाहा, दव रेंगाळते त्या कोपऱ्यातली आधी. पाणी नेहमी बुडाशी द्या, वरून शिंपडणे बंद. या काळात फवारायची वेळ आलीच तर फॉस्फोनिक ॲसिडचे पोटॅशियम सॉल्ट केवड्यावर उपयोगी पडते. कोणतेही औषध घ्या, लेबलावर काढणीआधी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते, ते पाळा. घरची द्राक्षे घरातली मुले मांडवाखाली उभी राहून न धुताच खातात.

मणी बाजरीएवढे झाले की विरळणीला बसा. बारीक टोकाची कात्री घ्या. घडाच्या टोकाचा पाव भाग उडवा, मग वरून तीन-चार पाकळ्या, म्हणजे घडाच्या बगलेच्या फांद्या, ठेवून त्याखालच्या एकाआड एक काढा. घड केविलवाणा दिसतो, पण मणी हरभऱ्याएवढे झाले की जागा भरून निघते. विरळणी न केलेल्या घडात आतले मणी दबून फुटतात आणि तिथूनच सड सुरू होते. ज्वारीएवढ्या मण्यांपर्यंत हे काम संपवायला हवे, नंतर कात्री आत शिरत नाही. बंगलोर पर्पल आणि ५१६ ला एवढी कलाकुसर करत बसू नका.

घडाच्या देठाशी आणि सालीखाली कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर मिलीबग. त्याला मुंग्या वर वाहून नेतात, म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त: खोडाला चिकट पट्टी गुंडाळा. सुटलेली जुनी साल खरडून काढा, पुंजके दात घासायच्या जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. चार वेलींना हे हाताने जमते, हा लहान बागेचा मोठा फायदा.

छाटणीपासून ऐंशी-नव्वद दिवसांनी मण्यात पाणी उतरते. मणी मऊ पडतो, पांढऱ्या वाणात पारदर्शक होतो, काळ्या-लाल वाणात रंग फिरतो. इथून पुढे पाणी एकसारखे द्यायचे. आठवडाभर विसरून एकदम पाट सोडला तर शरदला तडे गेलेच समजा. नाशिककडे कडाक्याच्या थंडीत पांढरे मणी गुलाबी पडतात, त्याला पिंक बेरी म्हणतात. पाणी उतरायच्या आधी प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला की ते टळते. पक्ष्यांसाठी मात्र कागद पुरत नाही. बुलबुल, साळुंक्या आणि रात्री वटवाघळे येतात, म्हणून मांडवाच्या चारही बाजूंनी आणि वरून जाळी हवी.

काढणी आणि त्यानंतर

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखे अढीत घालून गोड होत नाही, म्हणून घाई नको. घडाच्या अगदी टोकाचा मणी सर्वांत शेवटी पिकतो, तो चाखा. तो गोड लागला की पूर्ण घड तयार. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर ब्रिक्स या मापात मोजणारे उपकरण, असेल तर १८ ब्रिक्सच्या पुढे काढा. छाटणीपासून मोजले तर फ्लेम साधारण ११० दिवसांत येतो, सोनाका १२० ते १३० दिवसांत, बंगलोर पर्पल सगळ्यांच्या मागून. म्हणजे चार वाणांचा मांडव फेब्रुवारीपासून मार्चअखेरपर्यंत खाऊ घालतो. घड सकाळी, दव सुकल्यावर, कात्रीने काढा आणि मण्यावरची पांढरट लव पुसू नका. तिच्यामुळे मणी टिकतो.

सोनाका जास्त झाला तर थोडा वेलीवरच राहू द्या, २२ ब्रिक्सपर्यंत. मग लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजे बेदाण्याचे डिपिंग ऑइल, मिसळून घड दोन-चार मिनिटे बुडवा. नंतर सावलीत, वारा खेळेल अशा जागी जाळीवर पसरा. तासगाव-सांगलीकडे बेदाणा असाच करतात. साधारण दोन आठवड्यांत तो तयार होतो, चार किलो द्राक्षांना एक किलो.

शेवटचा घड उतरवल्यावर बरेच जण पाणी बंद करतात आणि वेल विसरतात. त्या वेळी वेल पूर्ण थकलेली असते. एप्रिलच्या छाटणीआधी तिला निदान पंधरा-वीस दिवस विश्रांती द्या, पाणी चालू ठेवा, आणि बुडाशी शेणखतासोबत थोडे नत्र व पालाश द्या. पानेही तोडू नका. या दिवसांत ती जे अन्न बनवतात, ते खोडात आणि मुळांत साठते आणि त्यावरच एप्रिलची नवी फूट निघते. छाटणीत निघणाऱ्या बंगलोर पर्पलच्या पेन्सिलएवढ्या काड्या फेकू नका. चार-चार डोळ्यांचे तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा तिरपा घ्या, आणि पोयटा, वाळू, शेणखत भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील असे लावून सावलीत ठेवा. पावसाळा सुरू होईपर्यंत मुळ्या धरतात, आणि शेजाऱ्यांना द्यायला रोपे तयार होतात.